जोहाराची बाजू

पुंजाजीला बढाई मारायची खोड होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला निव्वळ बिचारा समजाल, आणि ते मला चालायचं नाही. बीबी गावच्या बौद्धवाड्यात त्याचं घर आमच्या घराला लागून, आंगण एकच. त्यामुळे "मी मुंबईले जाऊन रेकॉर्डात गायलो" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतून उठवलं तरी त्याच्याच चालीत म्हणून दाखवीन. पाहुणा आला, की पाण्याआधी रेकॉर्ड. मयत झालेल्या घरी बसायला गेला, तरी फिरून फिरून गाडी मुंबईवर.

बरं, ते खोटंही नव्हतं. पाकिस्तान झालं त्याच्या दोन-तीन वर्षं आधी 'मयूरध्वनी' नावाच्या कंपनीने त्याला खरंच मुंबईला नेलं होतं. लाखेची ती जुनी जड तबकडी त्याच्या घरात फडक्यात बांधून ठेवलेली असे. तिच्या एका बाजूला पाण्याचं गाणं होतं, त्याने स्वतः रचलेलं. "तहान एक, विहीर एक, मंग दोर काऊन दोन?" जलशात तो हे गाणं उचलायचा तेव्हा आमचे म्हातारे पटक्याच्या शेवाने डोळे पुसायचे. असा त्याचा गळा होता. बढाई मारायला जागा होती.

दुसऱ्या बाजूबद्दल तो बोलत नसे.

दुसऱ्या बाजूला जोहार होता. आता नव्या पोरांना सांगावं लागतं, म्हणून सांगतो. आमच्या लोकांनी पाटलासमोर, देशमुखासमोर कमरेत वाकून, हात जमिनीपर्यंत नेऊन म्हणायचं ते जोहार. रामराम म्हणायची आम्हाला मुभा नव्हती. पुंजाजी ऐन जवानीत तमाशात याची गंमत करायचा. येसकर, म्हणजे गावची वेस राखणारा आमच्यातला माणूस, भाकरी मागायला पाटलाच्या दारी येतो, पाटील त्याला भाकरी देत नाही, नुसता बोलण्यात घोळवतो, आणि येसकर दर वेळी आधीच्यापेक्षा खाली वाकत जातो. शेवटी म्हणतो:

"जोहार पाटील, जोहार धनी,
जोहार वाड्याच्या दाराला,
उष्टं टाका हो झोळीत माझ्या,
जोहार तुमच्या कुत्र्याला!"

कंपनीचा साहेब म्हणाला होता, आधी ती हसवणूक द्या, मग मागच्या बाजूला तुमचं पाण्याचं घेऊ. पुंजाजीने दिली. एक बाजू त्यांची, एक आपली, असा त्याने तेव्हा हिशोब केला. रेकॉर्ड खपली ती जोहारावर. पाण्याची बाजू किती जणांनी उलटून लावली असेल, देव जाणे. देव म्हणालो, चुकलं, जुनी सवय.

छप्पन साली तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. आल्या आल्या देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले. मग ती तबकडी काढली, मांडीवर घेतली आणि जोहाराच्या बाजूवर खिळ्याने उभेआडवे ओरखडे ओढले. बायको केसरबाई आणि मुलगा इंद्रभान यांना समोर बसवून म्हणाला, "हा शब्द या घरात पुन्हा निघनार नाही. माह्या नातवंडाइले असा शब्द होता, हे बी माहीत पडलं नाही पायजे."

आणि खरंच निघाला नाही. इंद्रभान शिकून शाळामास्तर झाला. त्याला मुलगी झाली, तिला पुंजाजीने आपल्या आईचं नाव ठेवलं, चांगुणा. सात वर्षांची पोर, भेटेल त्याला ताठ मानेने जयभीम घालायची. तिला वाटायचं, जगात एकमेकांना भेटायची तेवढीच रीत आहे. पुंजाजी तिच्याकडे बघायचा तेव्हा मुंबईचं नावही काढत नसे. आयुष्यात कमावलेली एकच गोष्ट त्याने नीट राखली होती, ती ही पोर.

तर अशात एक दिवस नारायणराव आला. नारायणरावचं बाजारात भोंग्याचं दुकान. लग्नात, उरुसात बॅटरीवरचा लाऊडस्पीकर त्याचाच. माणूस दिलदार, फक्त उत्साह जरा जास्त. आंगणात पाय ठेवायच्या आधीच ओरडला, "पुंजाजीबुवा, पेढे काढा! मयूरध्वनीले पंचवीस वर्षं झाले. गाजलेल्या जुन्या रेकॉर्डी ते नव्यानं काढून राह्यले. लाँगप्ले म्हनते त्याले. एकीतच बारा गाने, अन् वाकवली तरी फुटत नाही. अकोल्याचा एजंट सांगे, त्यात आपल्या बीबीचे पुंजाजी हाय!"

पुंजाजी खाटेवरून उठला आणि परत बसला. मी आंगणातच होतो.

नारायणराव म्हणाला, "आली का मी बाजाराच्या दिवशी भोंग्यावर लावतो. तुमाले शाल, नारळ. साऱ्या गावासमोर. बोला!"

"हाव," पुंजाजी म्हणाला. त्याच्या तोंडून तेवढंच निघालं, यावरून ओळखा.

तो गेल्यावर मात्र बांध फुटला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या वस्तीला माहीत. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, तसं. बुद्धविहाराच्या जयंती कमिटीचा सेक्रेटरी कचरू, पंचविशीतला कडक पोरगा, तोही खूश झाला. म्हणाला, "काका, आपलं पान्याचं गानं पाटलाच्या कानावर भोंग्यातून पडन. मंग मजा!" सगळी वस्ती पांढरी कापडं घालून जायची ठरली. इंद्रभानने शाळेतल्या मास्तरांना सांगितलं.

एकट्या केसरबाईला शंका होती. रात्रीच्या भाकरी थापता थापता तिने विचारलं, "कोनती बाजू घेतली त्याहीनं? इचारलं का?"

"पान्याचीच असन. आता त्या दुसऱ्या बाजूले कोन इचारते? जमाना बदलला."

"तरी इचारा एक डाव."

दुसऱ्या दिवशी पुंजाजी नारायणरावच्या दुकानापर्यंत जाऊन आला, हे मी पाहिलं. इकडची तिकडची चौकशी करून परत आला. विचारलं का, म्हणून केसरबाईने डोळ्यांनीच विचारलं. त्याने मान फिरवली. पुढे फार दिवसांनी त्याने मला सांगितलं, की कोणती बाजू हे विचारायचं तर नारायणरावासमोर तो शब्द तोंडातून काढावा लागला असता. अकरा वर्षं राखलेलं तोंड त्याला विटाळायचं नव्हतं. आता मला सांगा, या माणसाला हसायचं की काय करायचं? एका शब्दाच्या लाजेपायी त्याने विचारलं नाही, आणि मग तोच शब्द सगळ्या बाजाराने ऐकला.

बाजाराच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. बाया पांढऱ्या लुगड्यांत, पुरुष धुतलेल्या धोतरांत. नारायणरावने दुकानापुढे सतरंजी टाकली होती, लिंबावर भोंगा बांधला होता. मिरच्या-वांगी विकायला बसलेले लोकही टोपल्या सोडून जवळ आले. अर्जुनराव पाटील खुर्चीवर. पुंजाजी सतरंजीवर मधोमध, मांडीवर चांगुणा, अंगात नवा फ्रॉक. नारायणरावने रेकॉर्डचं पाकीट वर धरून सगळ्यांना दाखवलं. त्यावर चांदीच्या रंगात मोर होता.

"आयक हं," पुंजाजी पोरीच्या कानात म्हणाला, "आता आबाचा आवाज येईन."

आधी कोणा बाईचं गाणं झालं, मग आणखी एक. मग डफाची थाप पडली, आणि त्या पहिल्या थापेलाच पुंजाजीला कळलं. मी त्याच्या मागे बसलो होतो. त्याची मान ताठ होती ती तशीच राहिली, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पाण्याच्या गाण्याला डफ नव्हताच, त्याला एकतारी होती.

मग त्याचाच आवाज आला. तरणा, खणखणीत, लाडिक. "जोहार पाटील, जोहार धनी..."

बाजार हसला. वाईट हसला असंही नाही. जुनी ओळखीची गंमत पुन्हा भेटली, की माणूस हसतो तसा. अर्जुनराव पाटलांनी तर डोळ्यांना उपरणं लावलं. "पुंज्या, लेका, काय गायचा रे तू! काय गायचा!" म्हाताऱ्याच्या मनात खरोखर कौतुक होतं, आणि तेच ऐकवत नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर आम्ही उठून भांडलो असतो. कौतुकाशी कोण भांडणार?

आमच्या पोरांना काही समजेना. ती मोठ्यांच्या तोंडाकडे बघत होती आणि मोठे जमिनीकडे. मला माझ्या धोतराच्या पांढरेपणाचीच लाज वाटायला लागली. एवढं नटून थटून आम्ही हे ऐकायला आलो होतो.

गाणं संपलं. झालं असतं तेवढ्यावर, तर कदाचित निभावलं असतं. झाकली मूठ म्हणून घरी नेली असती. पण नारायणरावचा उत्साह! त्याने शाल घातली, नारळ दिला, सुई उचलून पुन्हा त्या गाण्यावर ठेवली आणि माईक पुंजाजीच्या तोंडापुढे धरला. "बाप्पा, आता याच्यासंगं म्हना. होऊन जाऊ द्या!"

पुंजाजी उठला. तो पाण्याचं गाणं म्हणायला उठला होता. हे त्याने मला नंतर शपथेवर सांगितलं आणि माझा त्यावर विश्वास आहे. त्याने श्वासही तसाच घेतला होता, लांब. पण मागे डफ वाजायला लागला, बाजाराने टाळ्यांचा ठेका धरला, समोर शेदीडशे तोंडं वर करून बघत होती. वीस-बावीस वर्षांत एवढी माणसं त्याच्यासमोर बसली नव्हती. सुंभ जळतो, पीळ जात नाही. त्याची कंबर वाकली. उजवा हात जमिनीपर्यंत गेला.

आणि तो गायला.

चांगला गायला, हेच तर दुःख आहे. वाईट गायला असता तर आम्ही म्हटलं असतं, म्हातारा गोंधळला. पण त्याने पाटलाच्या दाराला जोहार घातला, हशा पिकला, हशा ओसरेपर्यंत तो थांबला, आणि मग आणखी खाली वाकला. शेवटच्या ओळीला नारायणरावच्या दुकानाच्या पायरीवर एक खरंच कुत्रं पडलं होतं. पुंजाजी वळला आणि त्याच्यासमोर वाकला. बाजार डोक्यावर घेतला लोकांनी. आणि त्या गलक्यात पुंजाजी हसला. मी पाहिलं. बरोबर जागा साधली म्हणून कलावंत हसतो, तसा.

मग त्याने सतरंजीकडे पाहिलं. वस्ती उठून गेली होती. कचरू सगळ्यांत आधी गेला, त्याच्यामागे बाया. मीही उभा राहिलो होतो, एक पाय वहाणेत घालून. सतरंजीवर फक्त चांगुणा होती, आणि ती टाळ्या वाजवत होती.

घरी कोणी जेवलं नाही. मधली भिंत आमची कुडाची, सगळं ऐकू येतं. इंद्रभानने विचारलं, "बा, तुमी काऊन वाकले?"

"आंग वाकलं बाबू. मी नाही वाकलो."

"मास्तर लोक होते तिथं."

"मले माहीत हाय." आणि पुंजाजी पुढे म्हणाला, "मी त पाटलाले हसत होतो रे. तवा बी अन् आज बी. तो येसकर पाटलाचीच टर उडवते. कुत्र्याले जोहार म्हंजे काय? पाटील अन् कुत्रं सारखंच!"

त्यावर केसरबाई बोलली. ती एरवी फार बोलत नाही. "तुमी हसत असान पाटलाले. हसनारे तुमाले हसत होते."

पुंजाजी घराबाहेर पडेनासा झाला. पहाटे अंधारात परसाकडे जाऊन येई तेवढाच. वस्तीत कोणी त्याला टोचून बोललं नाही. आमच्यात तेवढी माणुसकी आहे. पण न बोलण्यातही बोलणं असतंच. जयंती जवळ आली तेव्हा कचरू येऊन उंबऱ्याशी उभा राहिला. दरवर्षी विहारात पहिलं गाणं पुंजाजीचं. कचरू पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाला, "काका, यंदा तुमी आराम करा. लोणारचे पोट्टे येऊन राह्यले गायले."

"हाव, बराबर हाय," पुंजाजी म्हणाला. इतक्या लवकर म्हणाला, की कचरूलाच वाईट वाटलं. तो जयभीम करून निघाला. पुंजाजीने उत्तरासाठी हात उचलला आणि मध्येच थांबवला. आपला हात वर जाईल की खाली, याचाच त्याला भरोसा उरला नव्हता, असं मला वाटलं.

एवढं होऊनही त्याला एक आधार होता. पोर लहान आहे, तिला काय कळलं असणार. घरात कोणी तिच्यासमोर विषय काढला नाही. विसरेल, असं सगळ्यांनी धरलं होतं. पोरं काय विसरतात आणि काय नाही, हे आपण ठरवतो आणि तिथेच फसतो.

एके दिवशी दुपारी केसरबाईने तिला मीठ आणायला रुक्मिणीबाईच्या दुकानात पाठवलं. दुकान गावात, पाटलाच्या आळीला. मी आंगणात दोर वळत बसलो होतो, पुंजाजी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. पोर पळत आली. एका हातात मिठाची पुडी, दुसऱ्या हाताची मूठ वळलेली, एक गाल फुगलेला.

"आबा, पाहा!" तिने मूठ उघडली. संत्र्याच्या गोळ्या होत्या, पाच-सहा.

"कोनं देल्ल्या व?"

"रुक्मिणीबाईनं. फुकट! म्या तुमचं गानं म्हनलं ना, त सारे हसले. तिथं बसलेली कलाबाई म्हने, पुन्हा म्हन, अशी वाकून म्हन. मंग म्या अशी वाकली." आणि तिने करून दाखवलं. मिठाची पुडी खाली ठेवली, कमरेत वाकली, उजवा हात थेट जमिनीला टेकवला. हुबेहूब. जागाही चुकली नाही, हशासाठी थांबायचं तिथे थांबली. "जोहार तुमच्या कुत्र्याला!" आवाज पण त्याचाच, तसाच खणखणीत.

मग तिने एक गोळी पुंजाजीपुढे धरली. "घ्या ना. तुमचंच गानं होय."

माझ्या हातातला दोर तसाच राहिला. केसरबाई दारात आली होती, तिने पदर तोंडावर दाबला. पुंजाजी खाटेवर उठून बसला. ती गोळी त्याने घेतली नाही. तो पोरीकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा हिच्या थोबाडीत मारतो. तसं झालं असतं तर बरं होतं, म्हणायची वेळ आली.

"चांगुणा," तो म्हणाला, "हितं बस. तो शब्द काय होय, सांगतो तुले."

"नका सांगू," केसरबाई दारातून म्हणाली. "अवो, लहान हाय ते. नका सांगू."

"नाही सांगितलं त उद्या पुन्हा वाकन."

आणि त्याने सांगितलं. लपवलं काही नाही. आपल्या बापाने कुठे उभं राहायचं, भाकरी कशी वरून टाकायचे, ती झोळीत न पडता मातीत पडली तर काय करायचं, आणि आधी काय म्हणायचं. ज्या आईचं नाव या पोरीला ठेवलं, ती आई कोणासमोर कितीदा वाकली. अकरा वर्षं ज्या शब्दापासून त्याने घर राखलं, तो शब्द त्याने स्वतःच्या तोंडाने नातीच्या कानात घातला. शांतपणे बोलत होता. गळा मात्र तो नव्हता.

पोर ऐकत होती. गालातली गोळी चघळायची थांबली होती. काही वेळाने तिने ती तोंडातून काढली आणि हातात धरली, पण कुठे टाकावी ते तिला समजेना. बोटांतून केशरी लाळ गळत होती. बाकीच्या गोळ्या तिने खाटेच्या पायाशी ठेवल्या. तिने दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि लगेच नजर खाली घातली. सात वर्षांच्या पोरीने तशी नजर खाली घातलेली मी त्याआधी आमच्या वस्तीत पाहिली होती, पण त्याला बरीच वर्षं झाली होती.

"आबा," ती हळूच म्हणाली, "दुकानात लय लोक होते. सगळ्याइनं पाह्यलं ना मले?"

पुंजाजीने तिला जवळ घ्यायला हात पुढे केले. ती आली नाही. फ्रॉकला हात पुसत ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.